डांबरही आपलं, पाणंदही आपली

वाचकांचे प्रश्न : ग्रॅव्हल सायकल

रोड सायकलसारखं खाली वळलेलं हँडल, पण टायर ३८ ते ४५ मिलिमीटर रुंद, डिस्क ब्रेक, आणि फ्रेममध्ये चिखलाला वाट देणारी मोकळी जागा, अशी ही ग्रॅव्हल सायकल. कोल्हापुरात ती रोज वापरणाऱ्यांची आणि घ्यायचा विचार करणाऱ्यांची पत्रं बरीच आली. सगळ्यांत जास्त विचारणा हवेबद्दल होती, म्हणून त्या उत्तराला जागाही जास्त दिली आहे.

प्रश्न : राजारामपुरीतून गोकुळ शिरगाव एमआयडीसीत कामाला जातो. जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर होतात. सध्या शॉकअपवाली गिअरची एमटीबी, म्हणजे डोंगरी सायकल आहे. मित्र म्हणतो ग्रॅव्हल घे, लई भारी पळते. खरंच एवढा फरक पडतो का?

उत्तर : पडतो. पण आधी आहे त्या सायकलचे टायर बदलून बघा. तुमच्या एमटीबीला जाड गोट्यांचे टायर असणार. डांबरावर त्या गोट्या वाकतात, घासतात आणि तुमचा जोर खातात. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा वाचा. ५५९ असेल तर २६ इंची चाक आहे, त्याला दीड इंची गुळगुळीत टायर घाला. ६२२ असेल तर ग्रॅव्हलचाच ४० मिलिमीटरचा टायर बसू शकतो, फक्त रिमची रुंदी त्याला चालते का हे दुकानात मोजून घ्या. शॉकअप लॉक होत असेल तर डांबरावर लॉक ठेवा. एवढ्याने निम्मं काम होतं.

उरलेला निम्मा फरक मात्र ग्रॅव्हलच देते. शहराबाहेर हायवेलगत समोरून वारा लागला की सरळ हँडलवर छाती वाऱ्याला आडवी येते. वळलेल्या हँडलवर खाली हात घातले की अंग लहान होतं आणि पॅडल हलकं लागतं. हात ठेवायला तीन जागा मिळतात, त्यामुळे मनगट आखडत नाही. शहरातला खरा आनंद आणखी वेगळा आहे. पाइपलाइनसाठी खणून वरवर बुजवलेला चर, खचलेले पेव्हर ब्लॉक, रंग उडालेला गतिरोधक समोर आला की रोड सायकलवाला मागे बघतो, ब्रेक दाबतो, बाजूला घेतो. ग्रॅव्हलवर दोन्ही पॅडल एका पातळीत आणायची, सीटवरून बूड बोटभर उचलायचं, कोपर सैल सोडायचं आणि सरळ जायचं. गाड्यांच्या रांगेत आपली ओळ सोडावी लागत नाही, हे रोजच्या सुरक्षिततेच्या दृष्टीनेही मोठं आहे.

एक सवय पहिल्या दिवसापासून लावा. लक्ष्मीपुरी किंवा महाद्वार रोडच्या गर्दीत हात ब्रेकच्या मुठींवरच हवेत. हँडलच्या वरच्या सपाट भागावर धरलं की आरामात बसल्यासारखं वाटतं, पण तिथून ब्रेकपर्यंत बोट पोचत नाही.

प्रश्न : माझी ग्रॅव्हल ७०० बाय ४० टायरची, आत ट्यूब आहे. पेठेतल्या दुकानात ८० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा मारून देतात. तरी महिन्यातून दोनदा पंक्चर होते, आणि तासाभरात तळहात बधिर होतात. टायरच खराब आहेत का?

उत्तर : हात बधिर होण्यात टायरपेक्षा हवेचा दोष मोठा दिसतो; पंक्चरचं पुढे बघू. ८० पीएसआय ही बारीक टायरची हवा आहे. तुमच्या टायरच्या बाजूवर कमाल हवेचा आकडा छापलेला असतो, आणि ४० मिलिमीटरच्या टायरला बहुधा तो याहून कमी असतो. रिम हुकलेस असेल, म्हणजे तिच्या आतल्या कडेला टायर अडकवणारी खाच नसेल, तर ५ बार म्हणजे साधारण ७२ पीएसआयच्या वर जायचंच नाही. टायर रिममधून निसटू शकतो.

घट्ट टायर जोरात पळतो ही समजूत गुळगुळीत ट्रॅकवर खरी आहे. आपल्या रस्त्यावर घट्ट टायर प्रत्येक खडीवर उडतो, सायकल आणि तुम्ही दोघंही वर-खाली हलता आणि पुढे जायची ताकद त्या हलण्यात जाते. हात बधिर होतात ते याचमुळे. योग्य हवेत टायर खड्याभोवती दबतो, खडा गिळतो आणि चाक पुढे जातं.

ट्यूब असलेल्या ४० मिलिमीटरच्या टायरला सुरुवात अशी करा : वजन ६० किलोच्या आसपास असेल तर पुढे ३० आणि मागे ३४, ७५ किलोला पुढे ३६, मागे ४०, ९० किलोला पुढे ४२, मागे ४६. पाठीला किंवा कॅरिअरवर जड बॅग असेल तर मागे आणखी २ वाढवा. मग रोजच्याच रस्त्यावर दोन-दोन पीएसआय कमी करत जा. वळणावर टायर बाजूला लोळल्यासारखा वाटला किंवा खड्ड्यात रिम ठक्कन आपटली की तीन पीएसआय परत वाढवा. ती तुमची हवा, कागदावर लिहून ठेवा. अंगठ्याने दाबून ३५ आणि ५० यातला फरक कळत नाही, त्यामुळे घड्याळ असलेला उभा पंप घरी असलाच पाहिजे. सायकलवर पुढचे पैसे खर्च करायचे असतील तर पहिले या पंपावर करा. ट्यूबमधून हवा हळूहळू झिरपतच असते, म्हणून आठवड्यातून एकदा तरी बघा. व्हॉल्व्ह बारीक, प्रेस्टा जातीचा असेल तर आधी टोकाची छोटी नट सैल करून एकदा दाबायची, मगच पंप लावायचा. दुकानातल्या स्कूटरच्या नळीला जोडायला पितळी अडॅप्टर मिळतो, तो सीटखालच्या पिशवीत पडून राहू द्या.

आता पंक्चर. ट्यूब काढताना ती कुठे आणि कशी फुटली हे बघितल्याशिवाय ठिगळ लावू देऊ नका. टायर बसवताना त्यावरचं नाव नेमकं व्हॉल्व्हसमोर आणायची पद्धत आहे ती याचसाठी : ट्यूबवर भोक व्हॉल्व्हपासून जितक्या अंतरावर, तितक्याच अंतरावर टायरमध्ये काटा सापडतो. बाहेरच्या बाजूला एकच बारीक भोक म्हणजे काटा किंवा तार. शेजारी-शेजारी दोन भोकं, साप चावल्यासारखी, म्हणजे हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटली. भोक आतल्या बाजूला, आऱ्यांच्या दिशेने असेल तर रिमवरची पट्टी सरकली आहे आणि आऱ्याच्या भोकाची कड ट्यूब कापते आहे. पट्टी बदलली नाही तर कितीही ट्यूब घाला, फुटणारच. व्हॉल्व्हच्या मुळाशी चिरलं असेल तर ट्यूब वाकडी बसली होती, किंवा पंप लावताना व्हॉल्व्ह हिसकला गेला.

महिन्यातून दोनदा, तेही एवढ्या घट्ट हवेत, म्हणजे चिमटण्याची शक्यता कमी. आमचा अंदाज असा की जुन्या काट्याचं मोडकं टोक टायरमध्येच आहे. बोट फिरवून ते लागत नाही. कापसाचा बोळा टायरच्या आतून फिरवा. जिथे तंतू अडकतील तिथे टोक आहे. बाहेरून पोगराने दाबून चिमट्याने ओढा. हायवेच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या केसाएवढ्या पोलादी तारा असतात आणि एमआयडीसीच्या रस्त्यावर लेथवरचा लोखंडी चुरा पडलेला असतो. हे दोन्ही अशाच पद्धतीने सापडतात.

प्रश्न : पाचगावकडे राहतो, बाभळीच्या काट्यांनी जीव नकोसा केलाय. ट्यूबलेस करावी का?

उत्तर : तुमच्यासाठी हो. फक्त शहरातल्या शहरात फिरणाऱ्याला, वर्षाला दोन-तीन पंक्चर होत असतील तर, ट्यूबच बरी.

रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेसला चालणारे हवेत, तसं त्यांच्यावर लिहिलेलं असतं. रिमची आतली बाजू कोरडी स्वच्छ करून तिच्या आतल्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर रुंद पट्टी ताणून चिकटवा, व्हॉल्व्हपाशी दोन टोकं एकावर एक येऊ द्या. व्हॉल्व्हसाठी भोक लहानच पाडा, मोठं झालं तर तिथूनच हवा गळते. टायर चढवून आधी सीलंटशिवाय, म्हणजे भोक आतून बुजवणाऱ्या द्रवाशिवाय, हवा भरा. साध्या पंपाने कडा बसत नसतील तर व्हॉल्व्हचा गाभा काढून कॉम्प्रेसरची हवा एकदम सोडा. टक-टक असा आवाज येऊन कडा रिमला बसतात. टायरवरच्या कमाल आकड्यापलीकडे जाऊ नका. मग हवा सोडून व्हॉल्व्हमधून प्रत्येक चाकात ६० ते ८० मिलिलिटर सीलंट घाला, गाभा लावून पुन्हा हवा भरा, चाक फिरवा आणि दोन्ही कुशींवर पाच-पाच मिनिटं आडवं ठेवा.

पुढच्या देखभालीकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. सीलंट वाळतं, आणि मार्च ते मेच्या उन्हात लवकर वाळतं. दर दोन-तीन महिन्यांनी ३० ते ४० मिलिलिटर घालावं लागतं. चाक कानाशी हलवून बघा. आत चुळबुळ ऐकू आली नाही तर सीलंट संपलं. काट्याचं भोक आपोआप बुजतं, खिळ्याचं मोठं भोक बुजत नाही. त्यासाठी रबरी वात खोचायचं साधन आणि एक साधी ट्यूब जवळ हवीच. ट्यूबलेसला आधीच्या आकड्यांपेक्षा चार-पाच पीएसआय कमी हवा चालते.

प्रश्न : कॉलेजला सायकलने जाते. सुट्टीत पन्हाळ्याला जायची इच्छा आहे. दुकानात दोन ग्रॅव्हल आहेत, एकीला पुढे एकच चकली (चेन फिरते ती दातेरी चकती) आहे, दुसरीला दोन. कुठली घेऊ?

उत्तर : हिशेब सोपा आहे. पुढच्या चकलीचे दात भागिले मागच्या सर्वांत मोठ्या चकलीचे दात. हा आकडा जितका लहान, तितका चढ हलका. एक चकलीवाल्या सायकलला पुढे ४० आणि मागे ११ ते ४२ असेल, तर ४० भागिले ४२ म्हणजे ०.९५. दोन चकलीवाल्या सायकलला पुढे ४६/३० आणि मागे ११ ते ३४ असेल, तर ३० भागिले ३४ म्हणजे ०.८८. ४० मिलिमीटर टायरचं चाक एका फेऱ्यात साधारण २.२ मीटर जातं. मिनिटाला ६० वेळा पॅडल फिरवलं तर पहिलीत ताशी साडेसात किलोमीटर आणि दुसरीत सात किलोमीटर वेग राहतो. जुन्या रोड सायकलच्या ३४ आणि २८ वर तोच वेग नऊच्या वर ठेवावा लागतो, म्हणूनच तिच्यावर घाट चढताना गुडघे भरून येतात.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटरवर आणि पन्हाळा साधारण साडेनऊशेवर. म्हणजे वीस किलोमीटरच्या वाटेवर चारशे मीटर वर जायचं, आणि त्यातला मोठा भाग वाघबीळच्या पुढे एकवटलेला. एक चकलीची सायकल तिथे पुरते. रोज कॉलेज आणि कधीतरी पन्हाळा असेल तर तीच घ्या. एकच गिअर-मूठ, चेन पडण्याची भीती कमी, धुवायला सोपी. दर रविवारी घाट करायचा असेल, सामान बांधून गगनबावड्याकडे जायचं असेल तर दोन चकली. तिच्यात गिअरमधल्या उड्या लहान असतात, त्यामुळे लांबच्या सपाट रस्त्यावर पायांची लय टिकते.

गिअर चढ लागण्याआधी बदला. पूर्ण जोर देत असताना बदलला तर चेन कुरकुरते आणि दात झिजतात. उतरताना हात खालच्या वळणात ठेवून दोन बोटांनी ब्रेक. तिथून जोर जास्त मिळतो. आणि ब्रेक सतत घासत ठेवू नका. वळणाआधी नीट दाबा, वळणात सोडा, म्हणजे डिस्क थंड व्हायला सवड मिळते.

प्रश्न : पाऊस लागला की डिस्क ब्रेक किंचाळतात, नुसतं किंचाळून थांबत नाहीत, पकडही कमी होते. दुकानदाराने चेनचा स्प्रे मारून दिला, त्यानंतर जास्तच बिघडलं. (उत्तरेश्वर पेठ)

उत्तर : स्प्रेचा थेंब डिस्कवर गेला, आणि ब्रेकच्या पॅडनी तो शोषला. पाण्याने होणारा आवाज दोन-चारदा ब्रेक दाबले की जातो. तेलाचा जात नाही. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने, स्वच्छ सुती फडक्याने, दोन्ही बाजूंनी पुसा. फडक्याला काळं लागणं थांबेपर्यंत. पॅड काढून बघा. वरचा थर चकचकीत झाला असेल तर बारीक सँडपेपरवर सपाट घासून अल्कोहोलने पुसा. तेल खोल मुरलं असेल तर पॅड बदला, भाजून-तापवून वाचवायच्या भानगडीत पडू नका. नंतर मोकळ्या रस्त्यावर ताशी वीसच्या वेगाने जाऊन चालण्याच्या वेगापर्यंत हळू करा, चाक न अडवता. असं वीसेक वेळा पुढच्या आणि वीसेक वेळा मागच्या ब्रेकने. नव्या पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसतो तेव्हाच पकड येते.

पॅडचा मसाला, पाठीमागची पत्र्याची पट्टी सोडून, अर्धा मिलिमीटर उरला की बदलायचा. आपल्या पावसाळ्यात चिखलाचं पाणी पॅडना घासणीसारखं खातं, म्हणून जून ते सप्टेंबर दर दोन आठवड्यांनी बघा. धातूमिश्रित पॅड चिखलात जास्त टिकतात. मात्र डिस्कवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ असं कोरलेलं असेल तर ते घालू नका, डिस्कच झिजते.

तारेचे डिस्क ब्रेक असतील तर आणखी एक गोष्ट. साध्या कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड धरणाऱ्या भागात, बाहेरचं एकच पॅड हलतं. आतलं पॅड झिजलं की चाकाच्या बाजूचा स्क्रू फिरवून ते डिस्कजवळ आणायचं असतं. पुष्कळ जण नुसती तार ओढत राहतात, कॅलिपरचा दांडा टोकाला जाऊन टेकतो आणि ऐन वेळी मूठ हँडलला चिकटते. ब्रेक तेलाचे असतील तर चाक काढलेलं असताना मूठ चुकूनही दाबू नका. पॅड एकमेकांना चिकटतात आणि डिस्क आत शिरत नाही. शिमानो कंपनीच्या ब्रेकना मिनरल ऑइल आणि स्रॅम कंपनीच्या बहुतेक ब्रेकना डॉट जातीचं ब्रेक फ्लुइड लागतं. एकाचं दुसऱ्यात गेलं की आतले रबर फुगतात.

चेनचं वंगण थेंब-थेंब, प्रत्येक कडीवर एक, आणि दहा मिनिटांनी वरचं पुसून काढायचं. स्प्रे डिस्क ब्रेकच्या सायकलजवळ नकोच.

प्रश्न : कॅरिअर, मडगार्ड, स्टँड लावले तर चालतात का? डबा, दप्तर, भाजी सगळं सायकलवरच असतं.

उत्तर : फ्रेमवर मागच्या चाकाच्या आसाजवळ आणि सीटखाली ५ मिलिमीटर बोल्टचे आटे असतील तर कॅरिअर लावा. त्यावर लिहिलेली वजनाची मर्यादा पाळा, साधारण २५ किलो असते. बोल्टला निळं लॉकटाइट (आटे घट्ट धरणारा डिंक) लावा, नाहीतर आपल्या रस्त्यावर महिन्यात सैल होतात. पिशव्या शक्य तितक्या मागे, टाच लागू नये म्हणून. मडगार्ड आणि टायरमध्ये सहा मिलिमीटर तरी फट हवी. स्टँड मागच्या त्रिकोणाच्या पातळ नळ्या आवळून बसवू नका. फ्रेमवर त्याची खास जागा असेल तरच. कार्बन फ्रेमला तर नाहीच. भिंतीला टेकवा.

प्रश्न : उंची ५ फूट १ इंच. दुकानदार ५२ ची फ्रेम घ्या म्हणतो, ‘सीट खाली करून देतो’ म्हणतो. घ्यावी का?

उत्तर : घेऊ नका. सीट खाली होते, पण हँडल लांबच राहतं, आणि दुखतात ते मान आणि खांदे. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभ्या राहा, पायांत वही उभी धरून घट्ट वर घ्या, जमिनीपासून वहीच्या कडेपर्यंत मोजा. त्या आकड्याला ०.८८३ ने गुणा. ७२ सेंटिमीटर आले तर साधारण साडेत्रेसष्ट. पॅडल ज्याभोवती फिरतात त्या मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत एवढं अंतर. फ्रेमवर उभं राहिल्यावर वरच्या नळीपासून तीन-चार सेंटिमीटर मोकळे हवेत.

लहान फ्रेमवर एक गोष्ट दुकानातच तपासा. पॅडल पुढे ठेवून हँडल पूर्ण वळवा. बुटाचं टोक चाकाला लागतं का? पेठेतल्या गल्लीत हळू वळताना हेच पाडतं. लागत असेल तर ६५० बी म्हणजे ५८४ मिलिमीटरच्या लहान चाकांची सायकल मिळते का ते बघा; तिला ४७ मिलिमीटरचा टायर बसतो, त्यामुळे आरामही कमी होत नाही.

प्रश्न : रविवारी सकाळी दीड-दोन तास मिळतात. रंकाळ्याला चकरा मारून कंटाळा आला. जवळपास कुठे जाऊ?

उत्तर : रंकाळ्याचा काठ सकाळी चालणाऱ्यांचा आहे, तो त्यांनाच राहू द्या. तुमच्याकडे जी सायकल आहे तिची जात शेतातल्या खडीच्या रस्त्यांवरच घडली. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावात २००६ साली दोनशे मैलांची शर्यत सुरू झाली, ती आज अनबाउंड म्हणून ओळखली जाते. २०२२ पासून ग्रॅव्हलचं जागतिक अजिंक्यपदही होतं. तिकडे गाडीने तासभर जाऊन असा रस्ता शोधणारे लोक आहेत. आपल्याकडे शहर संपतं तिथे पाणंद सुरू होते.

शिवाजी पूल ओलांडून आंबेवाडी आणि प्रयाग चिखलीकडे जा. चिखलीला नद्यांचा संगम आहे, तिथून पुढे पंचगंगा. उसाच्या फडांमधल्या पाणंदी तुम्हाला गावागावांतून फिरवतात. दुसरी दिशा कळंब्याची : तलावापर्यंत डांबर, पुढे कात्यायनीकडे माळाची वाट.

ऋतू बघून दिशा ठरवा. नदीकाठची काळी माती पावसानंतर टायरला चिकटते, फ्रेमच्या फटीत भरते आणि चाक फिरायचंच थांबतं. ओढत बसलात तर मागचा गिअर आऱ्यांत जाऊन मोडतो. मूठभर माती दाबा. लाडू झाला तर त्या दिवशी पाणंद नको. अशा वेळी जोतिबा-पन्हाळ्याच्या अंगाला जा, तिथली जांभ्याची तांबडी माती पाणी लवकर सोडते. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे चाललं असेल तर चिखलीची बाजू पूर्ण टाळा. पाण्यातून सायकल घालूच नका; आस बुडला तर हबमधलं ग्रीस धुऊन जातं आणि महिनाभराने चाक खरखरायला लागतं.

गळीत हंगामात पाणंदीवर ट्रॅक्टर-ट्रॉलीला वाट द्यावी लागते. थांबा, उतरा, फडाच्या कडेला व्हा. भरलेली ट्रॉली चाकोरीतून हलू शकत नाही. वाळलेल्या पाचटावरून जाताना ब्रेक नको, वळण नको, ते साबणासारखं सरकतं. पाचटाचे धागे मागच्या चकलीत गुंडाळले जातात, ते तिथल्या तिथे काढा.

परत येताना गंगावेशीत दूध कट्टा आहेच. घरी आलात की सायकलवर बादलीने पाणी ओता, प्रेशरचा पाइप नको, तो बेअरिंगमध्ये पाणी घुसवतो. चेन फडक्याने कोरडी करा, मग वंगण : उन्हाळ्यात मेणाचं, पावसाळ्यात ओलं. महिन्यातून एकदा चेन किती ताणली आहे त्याचं माप घ्या. मागे अकरा किंवा बारा गिअर असलेल्या सायकलला माप ०.५ टक्क्यांवर गेलं की चेन बदला, आठ ते दहा गिअरवाल्याला ०.७५ चालतं. तेवढ्यावर बदलली तर मागच्या चकल्या दोन-तीन चेन टिकतात.